जुन्या हर्बेरियम शीटवरून रानकंदाची जात नव्याने ठरवायची असेल तर

प्रश्न कोल्हापूरच्या एका वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीचा आहे. तिच्या महाविद्यालयाच्या कपाटात रानकंदाच्या वेलीच्या काही जुन्या शीट सापडल्या. म्हणजे वाळवलेले नमुने चिकटवलेले कागद, आंबा, राधानगरी आणि आजऱ्याकडून साठ-सत्तर वर्षांपूर्वी गोळा केलेले. सगळ्यांवर नाव एकच, ‘डायोस्कोरिया ट्रायफायला’. पाने तीन पर्णिकांची. एका शीटवर नरफुलांचे तुरे आहेत, दोनांवर बोंडे, एकीवर नुसती पाने. एका चिठ्ठीवर शाईने ‘कंद खातात’ असे लिहिले आहे. तिला वाटते की ही आपली नेहमीची शेंडवेल (डायोस्कोरिया पेंटाफायला) नव्हे. ती विचारते, एवढ्या सामग्रीवर ही वेगळी जात म्हणून मांडता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

ताई, आधी थेट उत्तर देतो. एवढ्यावर नवी जात मांडता येणार नाही. पण या शीट फार मोलाच्या आहेत आणि त्यांच्यावर काम झालेच पाहिजे. कारण ‘ट्रायफायला’ हे अडीचशेहून अधिक वर्षांचे जुने नाव दोन निरनिराळ्या वनस्पतींच्या गळ्यात पडत आले आहे. त्यातली एक लोक आवडीने खातात आणि दुसरी नीट प्रक्रिया न करता खाल्ली तर विषबाधा करते. चिठ्ठीवर ‘कंद खातात’ असे आहे म्हणून तर हा उलगडा व्हायला हवा.

डायोस्कोरियाच्या बाबतीत एक गोष्ट पहिल्या दिवसापासून मनात पक्की ठेवा. या कुळाची शीट म्हणजे कायम अर्धीच वनस्पती. नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. जिच्यावर नरफुले येतात तिला बोंड कधीच धरत नाही. कंद जमिनीत राहतो, आणि जुन्या संग्राहकांनी तो क्वचितच खणून आणला. आणला तरी तो कागदावर चिकटत नाही, म्हणून बाजूला पडला आणि हरवला. वेलीच्या बुडाशी असणारी पाने शेंड्याच्या पानांपेक्षा वेगळी असतात आणि हाताला लागतो तो शेंडाच. तेव्हा तुमच्यासमोरचे पहिले काम नाव शोधण्याचे नाही. कुठली नरशीट कुठल्या मादीशीटची जोडीदार आहे आणि त्या दोघींचा कंद कोणता, हे ठरवणे हे पहिले काम. एका माणसाने एका दिवशी एका रानातून दोन्ही आणले असतील तर ठीक. पण ‘पाने सारखी दिसतात’ एवढ्यावर आंब्याची नरवेल आणि आजऱ्याची मादी एका जातीत घातली, तर पुढचे सगळे वर्णन दोन जातींची खिचडी होते. या कुळातले निम्मे घोळ असेच झाले आहेत.

आपल्याकडच्या ऋतुमानाचाही यात हात आहे. मृगाच्या पावसावर वेल फुटते, श्रावण-भाद्रपदात नरतुरे लोंबू लागतात, दिवाळीच्या आसपास बोंडे तयार होतात आणि पौषापर्यंत वेल वाळून नाहीशी होते. कंद त्यानंतर खणतात. महाविद्यालयांच्या सहली बहुधा दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे निघत, म्हणून जुन्या संग्रहांत बोंडे भरपूर आणि नरफुले कमी. शेंडवेलीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. तिचे कोवळे नरतुरे भाजीसाठी खुडले जातात. वाटेकडेच्या वेलींवर संग्राहकाला फुले मिळायची कशी? तुमच्याकडे नरफुलांची एक शीट आहे. संशोधनाचे दार तीच उघडेल. तिला सर्वांत जपा.

आता त्या नावाची कथा, कारण ती कळल्याशिवाय शीट वाचता येत नाही. डचांच्या काळात मलबारात व्हान ऱ्हीड यांनी ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला (१६७८ ते १६९३). त्याच्या सातव्या खंडात रानकंदांची मोठी, देखणी चित्रे आहेत. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५३ साली नावे दिली तेव्हा त्याच्यासमोर ही चित्रे होती. स्वतःच्या एकाच ग्रंथात त्याने ‘पेंटाफायला’ आणि ‘ट्रायफायला’ अशी दोन नावे दिली, एक पाच पर्णिकांचे आणि एक तीन पर्णिकांचे. आज आपण ती दोन्ही एकाच जातीची मानतो, कारण शेंडवेलीला तीनही पर्णिका येतात, पाचही येतात, क्वचित त्याहून जास्त येतात, आणि शेंड्याकडे तर कधी कधी साधे एकच पान असते. म्हणून ट्रायफायला आता पेंटाफायलाचे समानार्थी नाव आहे. पण मधल्या काळात रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने तीनच पर्णिकांच्या एका दुसऱ्या, काटेरी, विषारी वेलीला ‘डेमोना’ म्हटले, आणि पुढे कित्येक लेखकांनी त्या वेलीलाही ट्रायफायलाच म्हणायला सुरुवात केली. तिचे आजचे योग्य नाव ‘डायोस्कोरिया हिस्पिडा’. डेनस्टेटने १८१८ मध्ये ते दिले, तेही व्हान ऱ्हीडच्याच एका चित्राच्या आधारे. मध्य भारतात बैचांदी म्हणतात ती हीच. तिच्या कंदात डायोस्कोरिन नावाचे अल्कलॉइड असते. कंदाचे काप करून ते दिवसच्या दिवस पाण्यात, शक्यतो वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाता येत नाहीत.

म्हणजे तुमच्या शीटवरचे ‘ट्रायफायला’ वाचून इतकेच कळते की ओळख पटवणाऱ्याने तीन पर्णिका पाहिल्या. त्याने शेंडवेल म्हणून ते लिहिले की हिस्पिडा म्हणून, हे त्या नावावरून ठरत नाही. तिसरी शक्यता दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या ‘टोमेंटोसा’ची. तिच्याही पर्णिका तीन असतात, पण त्या दाट लवेने भरलेल्या. पर्णिकांची खालची बाजू भिंगाखाली पाहिलीत की तिचा विचार ठेवायचा की सोडायचा ते लवकर कळेल.

शेंडवेल आणि हिस्पिडा वेगळ्या करायच्या तर पुंकेसर मोजा. शेंडवेलीच्या नरफुलात तीन पुंकेसर परागकण धरणारे आणि तीन वांझ असतात. हिस्पिडात सहाही पुंकेसर धडधाकट. फूल जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे, त्यामुळे वाळल्या स्थितीत काही दिसणार नाही. शीटला जोडलेल्या कागदी पाकिटात गळून पडलेली फुले असतील तर त्यातली एक-दोन घ्या, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून मंद उकळा, मऊ झाली की सुईने पाकळ्या मागे करून विच्छेदन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तुऱ्यावरचे फूल तोडायचे असेल तर संग्रहपालांची लेखी परवानगी घ्या आणि तपासलेले फूल परत पाकिटात ठेवून त्यावर तशी नोंद करा. कळी फार लहान असेल तर वांझ आणि धडधाकट यांतला फरक दिसत नाही, उमललेले फूलच निवडा.

बोंडे असलेल्या दोन शीटवर काम त्याहून सोपे आहे. शेंडवेलीचे बोंड साधारण दोन-अडीच सेंटिमीटर लांब भरते. हिस्पिडाचे साडेतीन सेंटिमीटरपासून पुढे, अगदी सहा-सात सेंटिमीटरपर्यंत. पिकलेले बोंड असेल तर पट्टी लावताक्षणी निकाल लागतो, फक्त ते पूर्ण वाढलेले आहे ना हे आत बी पाहून ठरवा. बीचे पंखही पाहा. या दोन्ही जातींत आणि कडू कारांद्यात (डायोस्कोरिया बल्बिफेरा) पंख बीच्या एकाच बाजूला असतो. कोनफळ ज्या मोठ्या गटात येते त्या गटात पंख बीच्या सभोवती असतो. मग पानांच्या बगला तपासा. शेंडवेलीला बगलेत छोटे कंद धरतात, हिस्पिडाला नाही. हे छोटे कंद शीटवरून गळून गेलेले असले तरी त्यांचा वण भिंगाखाली दिसतो. हे सगळे पाहायला महागडे काही लागत नाही, आणि माझ्या मते तुमच्या निम्म्याहून अधिक शंका इथेच संपतील.

वेल कोणत्या दिशेने वळते हे डायोस्कोरियात फार महत्त्वाचे लक्षण आहे. इतके की डेव्हिड प्रेन आणि आयझॅक हेन्री बर्किल यांनी पूर्वेकडच्या डायोस्कोरियांवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्याचे भागच त्यांनी वळण्यावरून पाडले. डावीकडे वळणाऱ्या जाती पहिल्या भागात (१९३६) आणि उजवीकडे वळणाऱ्या त्यानंतरच्या भागात. कलकत्त्याच्या बागेच्या ‘ॲनल्स’चा तो चौदावा खंड. प्रेन कलकत्त्याच्या बागेचे आणि मग इंग्लंडमधल्या क्यू उद्यानाचे प्रमुख होते, बर्किल सिंगापूरच्या बागेचे. दोघांनी शीट पाहिल्या आणि जिवंत कंद लावून वेली वाढवूनही पाहिल्या, म्हणूनच तो ग्रंथ आजही उघडावा लागतो. तुम्हीही तो मिळवा, त्याशिवाय हे काम करू नका. शेंडवेल, हिस्पिडा आणि कडू कारांदा तिन्ही डाव्या भागात आहेत, कोनफळ उजव्या.

वाळलेल्या शीटवर वळण कळते का, असे बरेच जण विचारतात. वेल एखाद्या काटकीभोवती किंवा स्वतःभोवतीच गुंडाळलेली असेल तर हमखास कळते. पिळाची दिशा पुढून पाहा की मागून पाहा, बदलत नाही, त्यामुळे नमुना उलटा चिकटवला असला तरी फसगत होत नाही. शेंडा कुठला आणि बूड कुठले याचीही काळजी नको, पीळ उलटा धरला तरी दिशा तीच राहते. फसगत होते ती छायाचित्रात. डावे-उजवे पलटलेले चित्र हाती आले तर वळणही पलटते. म्हणून परदेशी शीटचे चित्र संगणकावर पाहताना चिठ्ठीवरची अक्षरे सरळ आहेत ना हे आधी पाहा. आणि नोंदवहीत ‘डावी’, ‘उजवी’ हे शब्द एकटे लिहू नका. वेगवेगळ्या ग्रंथकारांनी ते वेगवेगळ्या जागी उभे राहून वापरले आहेत, कोणी बाहेरून पाहून, कोणी वरून पाहून. आधाराची काठी समोर धरून, आपल्या बाजूचा वेलीचा वेढा खालच्या कोणत्या कोपऱ्यातून वरच्या कोणत्या कोपऱ्यात जातो, तेवढी एक तिरकी रेघ काढून ठेवा. रेघेबद्दल कुणाचा वाद होत नाही.

आता चिठ्ठ्या. जुन्या चिठ्ठीवरचे ठिकाण जसेच्या तसे खरे मानू नका. क्यू हर्बेरियममध्ये हूकर आणि थॉमसन यांच्या संग्रहातून वाटलेल्या शीटवर छापील चिठ्ठी असते, ‘मलबार, कोकण वगैरे, संग्राहक स्टॉक्स, लॉ वगैरे’. त्या एका ‘वगैरे’त केरळपासून मुंबईपर्यंतचा सगळा घाट मावतो. कुकच्या ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ (१९०१ ते १९०८) मध्ये ‘एस. एम. कंट्री’ असा उल्लेख वारंवार येतो. तो दक्षिण मराठा मुलूख, आणि आपल्या भागाच्या जुन्या नोंदी शोधताना तो डोळ्यांखालून घालावाच लागतो. तुमच्या शीट त्या मानाने अलीकडच्या, गावांची नावे असलेल्या. तरी ‘आंबा’ म्हणजे गाव की घाट, आणि घाट असेल तर वरची बाजू की रत्नागिरीकडची उतरण, हे संग्राहकाच्या त्याच दिवशीच्या इतर शीट काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. एका दिवसाच्या सगळ्या शीट क्रमांकाने मांडल्या की त्या माणसाची वाटच समोर येते. या कामात मला सर्वाधिक आनंद इथे मिळाला आहे. कोणी अनोळखी शिक्षक पावसात कुठल्या कड्यावर चढला होता, वाटेत त्याने आधी काय खुडले आणि नंतर काय, हे साठ वर्षांनी कळते.

जुनी चिठ्ठी कधीही काढू नका, खोडू नका, दुरुस्त करू नका. तुमचे मत वेगळ्या छोट्या चिठ्ठीवर, नाव आणि तारखेसह, खाली चिकटवा. आणि हातमोजे घाला. किडीपासून बचावासाठी जुन्या शीटना मर्क्युरिक क्लोराइड लावत असत. ते पाऱ्याचे विष कागदात अजूनही असते. शीट हाताळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाचा कपही उचलायचा नाही.

इथवर आलात आणि शीट शेंडवेलीत बसते, हिस्पिडात बसत नाही, पण नेहमीच्या शेंडवेलीपेक्षा वेगळी दिसते असे ठरले, तर पुढचा टप्पा. नवीन नाव सुचण्याआधी जुनी सगळी नावे तपासावी लागतात. शेंडवेलीत प्रेन आणि बर्किल यांनी बरेच उपप्रकार केले होते आणि आज ते बहुतेक सगळे एकाच जातीत विरघळवले आहेत. पण विरघळवलेले नाव मरत नाही. प्रत्येकामागे एक टाइप नमुना, म्हणजे त्या नावाचा आधार ठरलेला मूळ नमुना, कुठेतरी ठेवलेला आहे आणि नाव त्या नमुन्याला बांधलेले आहे. उदाहरणच देतो. हूकरने १८९२ मध्ये ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त ‘डायोस्कोरिया जॅकमॉन्टी’ ही जात मांडली. व्हिक्टर जॅकमाँ या फ्रेंच संग्राहकाचे नाव त्यात आहे. तो १८३२ साली मुंबईत वारला, त्याचा संग्रह पॅरिसला गेला. प्रेन आणि बर्किल यांनी ही जात खाली आणून शेंडवेलीचा उपप्रकार केली. आता समजा तुमची आजऱ्याची वेल नेमकी या जॅकमॉन्टीशी जुळली आणि ती शेंडवेलीहून वेगळी जात आहे हे तुम्ही सिद्ध केले. तर तुम्हाला नवे नाव देता येणार नाही. जातीच्या पातळीवर १८९२ चे नाव आधीच आहे, तेच पुन्हा जिवंत होईल. म्हणून समानार्थी नावांची यादी हा या कामाचा कंटाळवाणा नव्हे, सर्वांत निर्णायक भाग आहे. एकेक नाव घ्या, मूळ वर्णन वाचा, टाइप कुठे आहे ते शोधा, चित्र मागवा. क्यू, लंडन आणि पॅरिसच्या पुष्कळ शीट आता संगणकावर उघडतात, आपल्या बोटॅनिकल सर्व्हेचे ‘इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम’ही आहे.

टाइप सापडलाच नाही तर? डायोस्कोरियात हे पुष्कळदा होते. रेनहार्ट क्नूट यांनी १९२४ मध्ये या कुळावर जागतिक ग्रंथ लिहिला तो बर्लिनमध्ये बसून, आणि बर्लिनचे हर्बेरियम मार्च १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात जळाले. युद्धाआधी शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी मॅकब्राइड यांनी तिथल्या टाइप नमुन्यांची छायाचित्रे घेऊन ठेवली होती, त्यामुळे काही जातींचा निदान चेहरा उरला. अशा वेळी त्याच संग्राहकाच्या त्याच क्रमांकाची दुसरी प्रत दुसऱ्या कुठल्या संग्रहात गेली आहे का ते शोधतात आणि तिला रीतसर लेक्टोटाइप, म्हणजे नंतर निवडलेला टाइप, नेमतात. भारतीय जातींत जुन्या प्रती हावड्याच्या सेंट्रल नॅशनल हर्बेरियममध्ये मिळण्याची शक्यता चांगली, तिथूनच सुरुवात करा.

चुकीचे नाव किती लांब प्रवास करते हे पाहायचे तर डायोस्कोरिया ऑपोझिटिफोलियाकडे पाहा. लिनियसचे हे नाव आपल्या भारत-श्रीलंकेतल्या वेलीचे. पण अमेरिकेत रानोमाळ पसरलेल्या चिनी कंदाच्या वेलीला वर्षानुवर्षे हेच नाव लावले गेले, तण-निर्मूलनाच्या पत्रकांतसुद्धा. ती वेल खरे तर तुर्चानिनोव यांनी १८३७ मध्ये नाव दिलेली ‘पॉलिस्टाकिया’. या शतकाच्या सुरुवातीला हे स्पष्ट मांडले गेले. आपली साधी रानवेल तोवर परदेशात उपद्रवी तण म्हणून बदनाम होत राहिली.

डीएनएबद्दल थोडक्यात. साठ वर्षांच्या शीटमधून डीएनए निघतो, पण तुकड्या-तुकड्यांत. पावसाळी भागात संग्राहक नमुने अल्कोहोलमध्ये भिजवून नेत. तसे झाले असेल तर आणखी वाईट. शिवाय हरितलवकाचा डीएनए साधारणपणे मादीकडूनच येतो, म्हणजे संकर असला तर एकच बाजू दिसते. या कुळात गुणसूत्रांचे अनेक संच असणाऱ्या वेली सर्रास आढळतात, तेही चित्र गढूळ करते. ताज्या वेलींचा डीएनए मात्र जरूर करा. जुनी शीट त्यासाठी कातरू नका.

मग ताज्या वेलींकडे. रान हेच तुमचे खरे कपाट आहे आणि तुम्ही कोल्हापुरात आहात, याहून मोठे भाग्य नाही. शिवाजी विद्यापीठाचे हर्बेरियम तुमच्या दाराशी आहे. एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांचा ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ (२००२) हातात घेऊन निघा. चिठ्ठ्यांवरच्या तिन्ही जागी जा, आणि एकदाच जाऊन भागणार नाही. श्रावणात नरतुऱ्यांसाठी, कार्तिकात बोंडांसाठी आणि वेल वाळायच्या आत कंदासाठी, असे एकाच वेलीकडे परत परत जायचे. वेलीच्या बुडाशी पत्र्याचा क्रमांक बांधा, कारण पौषात वेल गेली की कंद कुठे होता ते कुणालाच सांगता येत नाही. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत असाल तर वनखात्याची परवानगी आधी. कंद खणलात तर वरचा डोळ्याचा भाग परत मातीत लावा. थोडे कंद कुंडीत किंवा परसात लावून दोन-तीन हंगाम वाढवा. बीपासून नर आणि मादी दोन्ही वेली उगवल्या की जोडीदार कोण, हा शीटवर कधीच न सुटणारा प्रश्न अंगणात सुटतो. प्रेन आणि बर्किल यांनीही वेली अशाच लावून वाढवल्या होत्या.

आणि त्या गावांतल्या बायकांना भेटा. शेंडवेलीची भाजी करणारी बाई नरवेल लांबून ओळखते, ती तिची रोजची नजर आहे. तिला विचारा की तुरे कुठल्या वेलीचे खुडता, कुठल्या वेलीचे खुडत नाही आणि का? कंद कुठला भाजून खाता, कुठला उकडून, कुठला पाण्यात ठेवावा लागतो? ‘ही वेल शेंडवेलीसारखी दिसते पण आम्ही नाही खात’ असे कुणी म्हणाले, तर ते वाक्य त्या वेलीच्या क्रमांकासह, तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुंकेसरांच्या मोजणीइतकाच तोही पुरावा आहे. तुमच्या चिठ्ठीवर ‘कंद खातात’ एवढेच लिहिणाऱ्याने ‘कसा’ हा एक शब्द जोडला असता, तर आज आपल्याला अर्धे उत्तर मिळाले असते. तुम्ही तो जोडा. वेलीचे गावातले नावही घ्या, पण नावावर भरवसा टाकू नका. एका खोऱ्यातले नाव दुसऱ्या खोऱ्यात दुसऱ्याच वेलीला असते. आणि खात्री पटेपर्यंत ही वेल कुठल्याही रानभाज्यांच्या यादीत किंवा कंदमुळांच्या प्रदर्शनात ‘खाण्याजोगी’ म्हणून जाऊ देऊ नका. आपल्याकडे अशी प्रदर्शने आता हौसेने भरतात, चांगलेच आहे, पण तीन पर्णिकांच्या वेलीच्या बाबतीत मी आग्रही आहे.

शेवटी प्रसिद्धीचे. तुमच्या अभ्यासातून चारपैकी एक काहीतरी निघेल. पहिली शक्यता, शीट शेंडवेलीचीच आहेत किंवा हिस्पिडाची आहेत. मग नव्या ओळखीच्या चिठ्ठ्या लावा आणि जिल्ह्याच्या नोंदीपुरते छोटे टिपण लिहा. बहुतेक वेळा हेच होते, आणि ते कमी प्रतीचे काम नाही. दुसरी, जुन्या नावाचा टाइपच नेमलेला नाही असे कळले. मग लेक्टोटाइप नेमा. २००१ पासून त्यात ‘येथे नेमला’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग असावाच लागतो, नाहीतर नेमणूक धरली जात नाही. तिसरी, एखादा उपप्रकार जातीच्या पातळीवर आणावा लागला आणि त्या पातळीवर आधीचे नाव नाही. मग नवे संयोजन, म्हणजे जुनेच नाव नव्या पातळीवर, मूळ नावाच्या पूर्ण संदर्भासह. चौथी, खरोखर नवी जात. तेव्हा टाइप नमुना आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला ते लिहिणे सक्तीचे. वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत चालते, २०१२ पासून लॅटिनची सक्ती उरलेली नाही. यात माझा स्वतःचा एक नियम आहे, तो वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमावलीत नाही. नरफुले, पिकलेले बोंड, बी आणि कंद, हे चारही एकाच ठिकाणच्या वेलींवरून हातात आल्याशिवाय मी डायोस्कोरियात नवे नाव छापायला पाठवणार नाही, आणि माझ्याकडे तपासायला आले तर मान्यही करणार नाही.

या आठवड्यात एवढे करा. नरफुलांच्या शीटचे आणि तिच्या चिठ्ठीचे मोजपट्टीसह छायाचित्र घ्या, पाकिटात सुटी फुले आहेत का पाहा, असतील तर एक उकळून पुंकेसर मोजा. बोंडांची लांबी मोजा. त्या संग्राहकाच्या त्याच तारखेच्या बाकीच्या शीट कपाटातून काढून क्रमाने लावा. पुढच्या पावसात ताजे नमुने गोळा कराल तेव्हा प्रत्येक क्रमांकाच्या तीन प्रती करा: एक तुमच्या महाविद्यालयात, एक विद्यापीठात आणि एक पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागीय केंद्रात.